एमबीएचे पैसे कुठून आणायचे: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींसाठी

जून-जुलै आला की आपल्याकडे घरोघरी एकच चर्चा. पोरगं बीकॉम नाहीतर बीई होऊन बसलंय, कॉलेजवाल्यांचे फोन चालू झालेत, "सर दोनच सीट शिल्लक आहेत, आज पन्नास हजार भरून ब्लॉक करून टाका", वडील सोसायटीच्या चेअरमनला फोन लावतायत आणि आई मुकाट्याने कपाटातला डबा काढतीय. घाईत पैसे भरले जातात आणि मग कर्जाची शोधाशोध सुरू होते. हा क्रमच उलटा आहे. एमबीएच्या पैशाचा प्रश्न ऍडमिशन झाल्यावर सोडवायला गेलात तर निम्मे पर्याय आधीच हातातून गेलेले असतात, कारण कुठली स्कॉलरशिप, कुठलं स्वस्त कर्ज, कुठली व्याजमाफी मिळणार हे बहुतेक सगळं तुम्ही सीट कुठल्या रस्त्याने घेतली त्यावर ठरतं. म्हणून आधी रस्ता, मग पैसे. त्याच क्रमाने सांगतो.

आधी रस्ता ठरवा (हे निदान वर्षभर आधी)

आपण सीमाभागातले, त्यामुळे वैताग पण डबल आणि दारं पण डबल. तीन रस्ते आहेत.

पहिला, कर्नाटकचा पीजीसीईटी. पदव्युत्तर कोर्सची ही प्रवेश परीक्षा कर्नाटक परीक्षा प्राधिकरण म्हणजे केईए घेतं आणि त्याच्या रँकवर सरकारी विद्यापीठांतल्या आणि प्रायव्हेट कॉलेजांतल्या सरकारी कोट्याच्या सीट मिळतात. शाळा-कॉलेज इथंच झालं असेल तर तुम्ही कर्नाटकचेच उमेदवार, शाळा मराठी माध्यमाची होती म्हणून सरकारी कोटा मिळत नाही असं काही नाही, ही अफवा गावात कोण पसरवतं कोण जाणे. बेळगावातच व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, धारवाडला कर्नाटक विद्यापीठाचं कौसाळी इन्स्टिट्यूट आहे. घरी राहून एमबीए झालं तर खोली आणि मेसचा खर्च वाचतो आणि तो दोन वर्षांत किती होतो ते पुढे हिशेबात बघूच.

दुसरा, महाराष्ट्राचा एमबीए सीईटी. इथं आपल्या लोकांना एक गोष्ट अजून नीट माहीत नाही. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो त्या गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या आणि शिक्षण सीमाभागातच झालेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाच्या नियमात वेगळा प्रकार आहे. अटी बसल्या तर तुम्ही परराज्यातले न धरता महाराष्ट्राच्या उमेदवारांसोबत मोजले जाता. फॉर्म भरताना घाईत 'ऑल इंडिया'वर टिक केलंत तर ही सवलत गेली, मग थोड्याशा सीटसाठी अख्ख्या देशाशी स्पर्धा. माहितीपुस्तिकेत वास्तव्याचा आणि मातृभाषेचा दाखला कुठल्या नमुन्यात पाहिजे ते छापलेलं असतं, त्याच नमुन्यात घ्या, आपल्या मनाने लिहून आणलेलं चालत नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा स्वतःचा विभाग आहे, सायबर नावाची मॅनेजमेंट संस्था आहे, आणि शिवाजी विद्यापीठ सीमाभागातल्या मुलांसाठी वेगळ्या सवलती पण जाहीर करतं, तर त्या वर्षीचं परिपत्रक विचारून घ्या. पुण्या-मुंबईचं सरकारी कॉलेज लागलं तर मग विचारूच नका, पळत जा.

तिसरा कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांची देशभराची प्रवेश परीक्षा. नोव्हेंबरच्या शेवटाकडे असतो. आयआयएम अहमदाबाद, बेंगळूरुची फी दोन वर्षांची २५ लाखांच्या आसपास जाते, आकडा ऐकून घरचे घाबरतात, पण गंमत अशी की कर्ज सगळ्यात सहज इथंच मिळतं, बँका स्वतः कॅम्पसवर येऊन उभ्या राहतात. शिवाय आयआयएमच्या स्वतःच्या गरजेवर आधारित स्कॉलरशिप आहेत, घरचं उत्पन्न कमी असेल तर फीतला बराच भाग सुटू शकतो. आणि कॅटवरच मिळणारं दिल्लीचं एफएमएस हे कॉलेज दिल्ली विद्यापीठाचंच असल्यामुळे फी दोन-अडीच लाखांच्या घरात. म्हणजे महागडी परीक्षा म्हणून सोडून देऊ नका, फॉर्मची फी गेली तर गेली.

चौथा रस्ता म्हणजे मॅनेजमेंट कोटा, कॉलेज स्वतःच्या हाताने भरतं त्या सीट. मी त्याला रस्ता म्हणतच नाही. फी जास्त, सरकारी योजना बहुतेक मेरिटच्या प्रवेशालाच, बँका हात आखडता घेतात आणि दिलं तरी मंजूर फीइतकंच देतात. वरून कुणी 'डोनेशन' म्हणून कॅश मागत असेल तर कर्नाटकात कॅपिटेशन फीवर १९८४ पासून कायद्याने बंदी आहे, आणि त्या कॅशला ना पावती, ना कर्ज, ना टॅक्सची सवलत. एक वर्ष थांबून परत सीईटी दिलेली परवडते. घरच्यांना हे पटवणं अवघड आहे, माहितीय, "वर्ष वाया" हा शब्द आपल्याकडे फार जड आहे.

एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट: कॉलेजला एआयसीटीईची (तांत्रिक आणि मॅनेजमेंट शिक्षणावरची केंद्राची संस्था) मान्यता आहे का आणि नॅक किंवा एनबीए हे दर्जाचं मानांकन आहे का हे आधीच बघा. एमबीए असो नाहीतर पीजीडीएम हा मॅनेजमेंटचा डिप्लोमा, मान्यता नसेल तर बँकेत पहिल्याच टेबलावरून परत याल. आणि सीट ब्लॉक करायला पैसे भरलेच असतील, नंतर दुसरीकडे चांगलं लागलं, तर एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे कोर्स सुरू व्हायच्या आधी सीट सोडली की जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची फी परत द्यावी लागते, ओरिजिनल मार्क्सकार्ड पण अडवून ठेवता येत नाहीत. कॉलेजवाले "नॉन-रिफंडेबल" छापतात, छापू दे की, तुम्ही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

खरा खर्च कागदावर मांडा

वहीचं एक पान घ्या. दोन वर्षांची ट्यूशन फी, परीक्षा फी, युनिव्हर्सिटी फी, डिपॉझिट, हॉस्टेल, मेस, लॅपटॉप, प्लेसमेंट फी (हे नाव वेगळं असतं, पैसे खरेच जातात), फॉर्मल कपडे, दुसऱ्या वर्षीची फीवाढ, आणि येण्याजाण्याचं भाडं. बाहेरगावी खोली-मेसला महिन्याला समजा ९,००० धरले तर २० महिन्यांचे १,८०,००० होतात. म्हणजे बेळगावातलं तीन लाखांचं कॉलेज आणि पुण्यातलं तीन लाखांचं कॉलेज एकाच किमतीचं नाही.

दुसऱ्या बाजूला काय मिळणार ते. प्लेसमेंटच्या पोस्टरवर 'हायेस्ट पॅकेज' असतं ते एका पोराचं. तुम्ही विचारायचं मधल्या पोराला किती, आणि किती जणांना काहीच लागलं नाही. कॉलेजने आढेवेढे घेतले तर मागच्या बॅचच्या दोघा-तिघांना लिंक्डइनवर मेसेज टाका, आपल्याकडची पोरं मराठी आडनाव बघून सांगतात हो. माझा ठोकताळा असा की कर्ज पहिल्या वर्षीच्या पगारापेक्षा जास्त नको. पगार वर्षाला चार लाख मिळेलसं वाटत असेल तर कर्ज चारच्या आत, फार तर पाच. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही पण हप्ते भरताना घर चालतं की नाही हे त्यावरून कळतं.

कागद: इथंच सगळ्यांचं अडतं

पैसे देणारा कुणीही असो, कागद सगळ्यांना लागतात आणि आपल्याकडे कागदाची गंमत अशी की तेच नाव चार ठिकाणी चार तऱ्हेने. एसएसएलसी मार्क्सकार्डवर आडनाव आधी आणि वडिलांचं नुसतं आद्याक्षर, आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, पॅनवर आणखी तिसरंच, आणि नाडकचेरीतून येणारा जात-उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये, त्यात आडनावाचं स्पेलिंग टाइप करणाऱ्याच्या मर्जीवर. हे सगळं एका ओळीत आणायला वेळ लागतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच बसा. मार्क्सकार्डवरचं नाव बदलणं महाकठीण, तर आधार आणि पॅन त्याच्याप्रमाणे करून घ्या. एवढं करून फरक राहिलाच तर नोटरीकडून एकच व्यक्ती असल्याचं ऍफिडेव्हिट.

उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत अर्ज करून मिळतो, त्यावर आरडी नंबर असतो तो जपून ठेवा, कर्नाटकच्या स्कॉलरशिप पोर्टलला तोच लागतो. आणि बँक खातं आधारला नुसतं लिंक असून चालत नाही, सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी ते आधारशी सीड केलेलं पाहिजे, बँकेत जाऊन "डीबीटीसाठी सीडिंग झालंय काय बघा" असंच विचारा. अर्ज मंजूर होऊन पैसे भलत्याच जुन्या खात्यात जाऊन पडलेत असं सर्रास होतं.

वडिलांच्या नावावरचं पीककर्ज थकलंय का हे पण आत्ताच बघा. कर्जमाफी होईल होईल म्हणून बरेच जण वर्षानुवर्षं भरत नाहीत, आणि मग पोराच्या शिक्षणकर्जात वडील सहकर्जदार म्हणून सही करायला बसले की सिबिल (कर्जफेडीची नोंद) उघडल्या उघडल्या साहेबांचा चेहरा बदलतो. सोसायटीत जाऊन रिन्यू करून घ्या, दोन-तीन महिने जाऊ द्या, मग अर्ज.

फुकटचे पैसे आधी: स्कॉलरशिप

कर्नाटकचं स्टेट स्कॉलरशिप पोर्टल, ज्याला सगळे एसएसपी म्हणतात, तिथं एकदाच नोंदणी आणि तुमच्या जात-उत्पन्नाप्रमाणे कुठल्या खात्याची स्कॉलरशिप बसते ते तिथंच दिसतं. शेतकऱ्याची मुलं असाल तर रयत विद्यानिधी ही योजना २०२१ मध्ये सुरू झाली, पदव्युत्तर कोर्सला मुलांना वर्षाला १०,००० आणि मुलींना ११,००० असा दर ठरला होता, यात वडिलांचा फ्रूट्स आयडी (कर्नाटकच्या शेतकरी-नोंदणीचा नंबर) लागतो. यंदा अर्ज सुरू आहेत का ते पोर्टलवर बघूनच हिशेबात धरा. रक्कम छोटी वाटेल पण एका महिन्याची खोली-मेस तरी निघते.

मराठा समाजाच्या मुलांसाठी एक मुद्दा. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गांतल्या ३बी प्रवर्गात येतो, आणि इथं मराठा समाजासाठी वेगळं विकास निगम पण आहे. बाकी मागासवर्गांसाठी देवराज अरसू निगम, अल्पसंख्याकांसाठी त्यांचं निगम. या निगमांची 'अरिवु' नावाची शिक्षणकर्ज योजना आहे, सीईटीतून प्रोफेशनल कोर्सला प्रवेश घेतलेल्यांसाठी, व्याज नाममात्र. बघा, परत सीईटी! मॅनेजमेंट कोट्याने गेलात की हे दार पण बंद. निगमाच्या अर्जाची मुदत छोटी असते, जाहिरात कन्नड पेपरात येते आणि आपण मराठी पेपर वाचत बसतो, त्यामुळे कळतच नाही. आठवड्यातून एकदा निगमाची वेबसाइट उघडायची सवय लावा, कन्नड वाचता येत नसेल तर शेजारच्या मित्राला दाखवा, नाहीतर फोनवर भाषांतर करून बघा, एवढं काय त्यात.

महाराष्ट्रात शिकायला गेलात तर एक गैरसमज काढून टाका: सीमाभागाची प्रवेशाची सवलत वेगळी आणि तिथल्या शिष्यवृत्तीची पात्रता वेगळी. कर्नाटकचा ३बीचा दाखला महाराष्ट्रात आरक्षणाला चालत नाही. महाडीबीटी या महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या प्रत्येक योजनेत अधिवासाची अट काय लिहिलीय ती स्वतः वाचा आणि जमेल की नाही ते कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्ककडून प्रवेशाच्या आधी विचारून घ्या, "होऊन जाईल" या उत्तरावर फीचं गणित बसवू नका. आणि घटनेतल्या ३७१जे कलमाचा फायदा पण आपल्याला नाही बरं का, तो बिदर, कलबुर्गीकडच्या जिल्ह्यांना आहे, बेळगाव त्यात येत नाही. दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

बँकेचं शिक्षणकर्ज

आता मोठा भाग. बहुतेक सरकारी बँका इंडियन बँक्स असोसिएशनच्या मॉडेल स्कीमप्रमाणे चालतात आणि तिचे ठोकळ नियम पाठ असले की शाखेत कुणी घाबरवू शकत नाही.

साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, बाहेरचा जामीनदार पण नाही, कारण या कर्जांना केंद्राची क्रेडिट गॅरंटी आहे. आई किंवा वडील सहकर्जदार असतात तेवढं पुरे. चार लाखांपर्यंत घरचा हिस्सा म्हणजे मार्जिन शून्य, त्याच्या वर देशातल्या कोर्सला ५ टक्के, परदेशी १५ टक्के. कोर्स संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता नाही, मग जास्तीत जास्त १५ वर्षांत फेडायचं. फीबरोबर हॉस्टेल, पुस्तकं, लॅपटॉप, परीक्षा फी हे पण कर्जात बसतं, म्हणून कॉलेजकडून फी-स्ट्रक्चर मागताना हे सगळे हेड लिहून आणा. नुसती ट्यूशन फी लिहिलेला कागद घेऊन गेलात तर तेवढंच मंजूर होणार.

अर्ज पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, सरळ शाखेत कागद देऊन येऊ नका. पोर्टलवरून केला की तारखेची नोंद राहते आणि बँकेला उत्तर द्यावंच लागतं. नाहीतर काउंटरवर असं होतं:

"साहेब, पोराला एमबीए लागलंय, लोन पाहिजे होतं."
"कुठलं गाव?"
"येळ्ळूर."
"मग तिकडच्या ब्रँचला जावा की."
"तिकडं गेलतो, ते म्हटले इकडं जावा."

असे हेलपाटे ऐकून घ्यायचे नाहीत. तुमचं घर आमच्या शाखेच्या हद्दीत नाही या कारणावर शिक्षणकर्जाचा अर्ज नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कधीच कळवलंय. नकार द्यायचा असेल तर मॉडेल स्कीमप्रमाणे वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीने आणि कारण सांगून द्यायचा असतो, आणि निर्णय साधारण १५ दिवस ते महिन्याभरात व्हायला पाहिजे. तोंडी "होत नाही" म्हटलं की नम्रपणे एवढंच म्हणा, "साहेब, लिहून द्या की." बऱ्याचदा त्यानंतर खुर्ची मिळते. तरी अडलं तर बँकेच्या तक्रार विभागाला मेल, आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फुकट आहे. पण सगळे शाखेवाले वाईट नसतात, नवीन बदलून आलेल्या साहेबाला मराठी येत नसेल तर मोडक्या कन्नडात दोन वाक्यं बोला, काम पटकन होतं, यात कमीपणा काही नाही.

साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण, आणि खेड्यातल्या लोकांचं घोडं इथं अडतं. चार एकर ऊसाची जमीन दाखवली की झालं असं वाटतं, पण शेतजमीन बँकेला जप्त करून विकणं अवघड असल्यामुळे शिक्षणकर्जाला ती सहसा घेत नाहीत, घर किंवा प्लॉट मागतात. मग घराचे कागद काढले की दिसतं, गावठाणातलं घर आजोबांच्या नावावर, ग्रामपंचायतीचा हाताने लिहिलेला उतारा, ई-स्वत्तू (गावातल्या मालमत्तेची ऑनलाइन नोंद) झालेलंच नाही. ई-स्वत्तूचा फॉर्म ९ आणि ११, वारसा नोंद, बोजा आहे की नाही हे दाखवणारी ईसी, बँकेच्या वकिलाचं मत, इंजिनिअरचं व्हॅल्युएशन, एवढं सगळं व्हायला काही महिने जातात आणि त्यात काका-चुलत्यांच्या सह्या लागल्या तर देवच मालक. म्हणून मोठ्या कर्जाची शक्यता असेल तर हे काम कॅटचा फॉर्म भरला त्याच आठवड्यात सुरू करा. नावाजलेल्या संस्थांना मात्र बँकांच्या वेगळ्या स्कीम असतात, तारण न मागता साडेसात लाखांच्या बऱ्याच वर देतात, स्टेट बँकेचं स्कॉलर लोन त्यातलंच. आपलं कॉलेज त्यांच्या यादीत आहे का तेवढं बघायचं.

व्याज सरकार भरतं ते कधी

दोन गोष्टी आहेत, लोक एकात एक मिसळतात. पहिली पूर्ण व्याजमाफी: घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, कोर्स प्रोफेशनल असेल आणि कॉलेज नॅक किंवा एनबीएवालं असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर कोर्सचा काळ अधिक एक वर्ष एवढं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. दुसरी पीएम विद्यालक्ष्मी, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, त्यात उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर त्याच काळासाठी ३ टक्के व्याजसवलत, पण फक्त रँकिंगमधल्या ठरलेल्या चांगल्या संस्थांसाठी. सुरुवातीला यादीत ८६० संस्था होत्या, यादी दरवर्षी बदलते.

पूर्ण व्याजमाफी आयुष्यात एकदाच मिळते. बीईला घेतली असेल तर एमबीएला नाही. अजून बीई-बीबीएलाच असाल आणि तिथलं कर्ज छोटं असेल तर ही संधी कुठं वापरायची याचा विचार करून ठेवा. आणि बँकेत कर्ज घेतलं म्हणजे सबसिडी आपोआप आली असं नसतं, उत्पन्नाचा दाखला देऊन क्लेम टाकावा लागतो, दरवर्षी शाखेत जाऊन "माझा क्लेम अपलोड झालाय काय" हे विचारायला लाजू नका.

हप्त्याचं गणित, एकदा नीट

समजा सहा लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, दोन वर्षांत तीन-तीन लाख असे कॉलेजला गेले. शिकताना व्याज सरळव्याज पद्धतीने लागतं. पहिल्या तीन लाखांवर तीन वर्षांचे (दोन कोर्सची आणि एक बिनहप्त्याचं) ९०,००० आणि दुसऱ्या तीन लाखांवर दोन वर्षांचे ६०,०००, म्हणजे हप्ता सुरू होईपर्यंत सहाचे साडेसात लाख झाले. आता साडेसात लाख १० वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण ९,९०० आणि एकूण जवळजवळ ११ लाख ९० हजार जातात. १५ वर्षं केली तर हप्ता ८,०६० वर येतो पण एकूण साडेचौदा लाख. हप्त्यात फरक अठराशेचा, एकूणात अडीच लाखांच्या वर. बँकेतला माणूस "हप्ता कमी बसतो बघा" म्हणून १५ वर्षंच पुढे करणार.

याच्या उलट शिकताना व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं, पहिल्या वर्षी २,५०० आणि नंतर ५,०००, तर हप्ता सहा लाखांवरच लागतो, १० वर्षांना ७,९३० च्या आसपास, आणि बऱ्याच बँका व्याज वेळेवर भरलं की दरात १ टक्क्यापर्यंत सूटही देतात. घरी दुधाचा पगार येत असेल किंवा मोठा भाऊ उद्यमबागेत कामाला असेल तर एवढं जमतं. मुलींना काही बँका अर्धा टक्का कमी लावतात, तर घरात "पोरीच्या नावावर कर्ज कशाला" असं म्हणणाऱ्या काकांना हे सांगा.

बेळगाव-हुबळीत २५,००० ची नोकरी धरली तर ९,९०० चा हप्ता म्हणजे पगारातले चाळीस टक्के. पुण्या-बेंगळूरुला पगार जास्त पण खोलीभाडं पण तसंच. हे सही करायच्या आधी डोळ्यासमोर ठेवा.

मंजुरीपत्र आलं की चार ओळी वाचायच्या: व्याजदर फ्लोटिंग आहे ना (असेल तर वेळेआधी फेडल्यावर दंड लागत नाही), प्रोसेसिंग फी किती, पैसे कॉलेजला कुठल्या तारखेला जाणार, आणि विम्याचा हप्ता त्यात घुसवलाय का. विमा घेणं वाईट नाही पण सक्तीचा आहे का ते लेखी विचारा, उत्तर मजेशीर येतं.

सोसायटी, सोनं, भिशी

आपल्याकडे गल्लीगल्लीत सोसायट्या, आणि चेअरमन ओळखीचा म्हणून चार दिवसांत कर्ज हातात. सोपं आहे, पण हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू, व्याज बँकेपेक्षा चढं, दोन जामीनदार म्हणून मामा नाहीतर शेजारी अडकणार, आणि पतसंस्थेच्या कर्जाला व्याजावरची टॅक्स सवलत पण नाही. दर विचारताना "फ्लॅट की घटत्या शिलकीवर" हे नक्की विचारा, फ्लॅट १० म्हणजे खरा दर त्याच्या पावणेदोनपटीच्या आसपास जातो.

सोनेतारण मात्र एका कामाला उत्तम. फीची तारीख १० आणि बँकेचे पैसे येणार २५ ला, तर मधल्या पंधरा दिवसांसाठी बँकेत सोनं ठेवून फी भरा. आधी भरलेल्या फीची पावती दाखवून ते पैसे शिक्षणकर्जातून परत मिळतील का हे शाखेत आधीच विचारून ठेवा, काही शाखा देतात, काही फक्त कॉलेजच्याच खात्यात टाकतात. दोन वर्षांची अख्खी फी सोन्यावर उचलू नका, व्याज साठत जातं आणि आईचे दागिने लिलावाच्या नोटिशीपर्यंत जातात. भिशीचा नंबर पहिल्या वर्षीच्या जुलैत लागला तर चांगलंच, पण नंबर लागेल या भरवशावर ऍडमिशन घेऊ नये.

नोकरी करत करत

आधीच नोकरीत असाल, घरची जबाबदारी असेल, तर इग्नूचं एमबीए अख्खं साठ-पासष्ट हजारांच्या घरात होतं, सेमिस्टरप्रमाणे फी भरत जायची, कर्जाची गरजच नाही. कंपनीत प्रमोशनला डिग्री लागते एवढंच कारण असेल तर हे पुरतं. नवीन क्षेत्रात उडी मारायची असेल, कॅम्पस प्लेसमेंट पाहिजे असेल तर नाही पुरत. दोन्हीत काय पाहिजे ते आधी ठरवा. आणि कंपनीत एचआरला एकदा विचारून बघा, काही कंपन्या फीचा भाग देतात, बदल्यात दोन-तीन वर्षं सोडून जायचं नाही असा बाँड करून घेतात, तो बाँड वाचून सही करा.

नोकरी लागल्यावर

पहिला पगार झाला की हप्ता ऑटो-डेबिटला लावा, चुकवू नका, सहकर्जदार म्हणून वडिलांचं सिबिल पण तुमच्यासोबत खराब होतं आणि पुढच्या वर्षी त्यांना ट्रॅक्टरचं कर्ज मिळत नाही. ज्याला सगळे ८०ई म्हणतात त्या तरतुदीने भरलेल्या सगळ्या व्याजावर टॅक्समध्ये वजावट मिळते, रकमेची मर्यादा नाही, पण आठ वर्षंच आणि तीही जुनी कररचना निवडली तरच. नवीन रचनेत ती नाही, तर दोन्हीकडून हिशेब करून बघा. बोनस आला की थोडं मुद्दलात टाका आणि मुदत कमी करून घ्या, शाखेत "हप्ता तोच ठेवा, वर्षं कमी करा" असं स्पष्ट लिहून द्या नाहीतर उलटं करतात.

कर्ज फिटल्यावर नुसत्या मेसेजवर खूश होऊन घरी येऊ नका. नो-ड्यूज सर्टिफिकेट घ्या, महिन्या-दीड महिन्याने सिबिलवर खातं 'क्लोज्ड' दिसतंय का बघा, आणि घर तारण दिलं असेल तर सब-रजिस्ट्रारकडचा बोजा उतरवून नवीन ईसी काढा. ओरिजिनल कागद बँकेने कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत परत द्यायचे असतात, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद घेताना प्रत्येक पान मोजून, यादीशी लावूनच पोचवर सही करा.